देवबागला निघण्याआधी पंचांग उघडा

सांजवाट (पुणे)

गेल्या दोन वर्षांत आम्ही चौघं मित्रमैत्रिणी दोनदा देवबागला जाऊन आलो. गाडी तीच, माणसं तीच, उतरलो तेही त्याच घरी. तरीही दोन खेपांना दिसलेली कर्लीची खाडी इतकी वेगळी होती की हा धागा काढावासा वाटला. इथे मालवण-तारकर्लीवर पुष्कळ लिहून झालंय: कुठे राहावं, कुठे खावं, स्कुबा कुठे करावं. खाडीवर कधी जावं, हे मात्र कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. ते आम्हाला एका होडीवाल्या काकांनी शिकवलं.

आधी जागेबद्दल. मालवणहून दक्षिणेला तारकर्ली आणि तिच्या पुढे देवबाग. कर्ली नदी समुद्राजवळ येते, पण सरळ त्याला मिळत नाही. मध्ये वाळूचा लांब दांडा आडवा आहे. त्याच्या पाठीमागून किनाऱ्याला समांतर वाहत ती दक्षिणेला जाते आणि टोकाला संगमावर समुद्राला मिळते. त्या दांड्यावर देवबाग वसलंय. अंगणात उभं राहिलं की पश्चिमेला लाटांचा आवाज आणि पूर्वेला माडांच्या आड गप्प पडलेली खाडी. पलीकडच्या काठावर वेंगुर्ले तालुका, संगमासमोर भोगव्याचा किनारा.

पहिल्या खेपेला पहाटे साडेचारला पुणे सोडलं. कोल्हापूरला नाश्ता केला आणि गगनबावड्यावरून घाट उतरलो. बावड्याला रस्त्याला दोन फाटे फुटतात, करूळ आणि भुईबावडा. दोन्ही वैभववाडीच्या बाजूला उतरतात. निघण्याआधी कोणता घाट चालू आहे याची चौकशी जरूर करा, कामासाठी किंवा दरड आल्यामुळे एखादा बंद असतो. तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग लागला, मग कणकवली, कसाल आणि तिथून उजवीकडे कट्ट्यावरून मालवण. देवबागला पोचलो तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि खाडी काठोकाठ भरली होती. माडांची सावली पाण्यात, पाणी हिरवं, बांधलेल्या होड्या धक्क्याच्या पायरीला लागलेल्या. गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटं कुणी बोललंच नाही.

म्हणून लगेच दुसऱ्या दिवशीची होडी ठरवली. ज्याच्याकडून ठरवली त्याने ‘सकाळी नऊची बोट’ असं सांगितलं. आम्हीही मान डोलावली, शहरात सगळं असंच ठरतं. सकाळी नऊला काठावर गेलो तर कालची खाडी नाहीशी झालेली. मधोमध पाण्याचा एक पट्टा, दोन्ही बाजूंना ओली वाळू आणि चिखल. होडी कशीबशी निघाली आणि खाडीत आत जाताना दोनदा वाळूत रुतली. दुसऱ्या वेळी आम्ही खाली उतरून ढकलली. कांदळवनापर्यंत पोचलोच नाही.

होडीवाले काका शांत होते. आमची तोंडं पडलेली बघून म्हणाले, “आज चवथ. चार पाऊणे तीन. तीनाक भरती, नवाक सुकती. तुमका नवाची येळ कोणी दिली?”

संकष्टी होती हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, आमच्यातल्या एकीचा उपास होता. पण चतुर्थीचा आणि पाण्याचा संबंध काय, ते काकांनी समजावून सांगितलं. पक्षाच्या सुरुवातीपासून तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती, दिवसातही आणि रात्रीतही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे त्यांच्या भाषेत सुकती. तृतीयेला सव्वादोन (आम्ही पोचलो तीच वेळ!), चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेली माझी आजी हे एका श्वासात करून मोकळी झाली असती. मी मोबाइलवर केलं.

यामागचं कारणही सरळ आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. तोंडी हिशेबाला एवढं जवळचं पुरतं.

त्या रात्री नऊच्या सुमाराला, म्हणजे पुन्हा पूर्ण ओहोटीला, आम्ही काठावर चंद्राची वाट बघत बसलो. संकष्टीचा चंद्र खाडीच्या बाजूनेच वर आला. पाणी ओसरलेलं, ओल्या वाळूवर त्याचा उजेड लांबवर पसरलेला, आणि चिखलात खेकड्यांची बारीक टिकटिक. घरच्या काकींचाही उपास होता, त्यामुळे स्वयंपाकघरात मासा नव्हता. त्यांनी नारळाच्या रसातले शिरवाळे केले होते. सकाळी हुकलेल्या फेरीची रुखरुख त्या ताटाने बरीच कमी केली.

दुसऱ्या खेपेला आम्ही सुट्टी टाकण्याआधी दिनदर्शिका पुढ्यात घेतली आणि शुद्ध अष्टमी-नवमी धरली. अष्टमीला सहाला भरती. चारला होडीत बसलो, चढत्या पाण्याबरोबर आत गेलो. इंजिन बंद केलं तरी पाणी आपल्याला हळूहळू आत नेतं, हे अनुभवायलाच हवं. कांदळवनाच्या फांद्या थेट पाण्याला टेकलेल्या होत्या, मुळं बुडालेली. सहाला पाणी थांबलं. ना आत, ना बाहेर. दहा-पंधरा मिनिटं खाडी अगदी आरशासारखी स्थिर होती. सूर्य दांड्यापलीकडे समुद्रात गेला आणि ओहोटीने आम्हाला परत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊणच्या सुमाराला ओहोटी होती, तेव्हा संगमाजवळच्या वाळूच्या बेटावर गेलो. त्याला सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात. भरतीत त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो, त्यामुळे तिथे ओहोटीलाच मजा.

किल्ला, बाजार, खाजं यावर इथे भरपूर आहे, मी पुन्हा लिहीत नाही. फक्त सिंधुदुर्गावर गेलात तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींपाशी थांबा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. पाण्याची एवढी जाण असलेल्या माणसांच्या प्रदेशात आपण घड्याळ बघून होडी ठरवतो, याचं मला तिथे फार वाईट वाटलं.

---

कुडाळची लेक

सांजवाट, वाचून डोळे भरून आले. माझे बाबा अजून असंच सांगतात, “आज दशमी, साडेसातला भरती.” लहानपणी मला ते जादूसारखं वाटायचं.

रस्त्याबद्दल एक भर. परत जाताना कसालकडून न जाता मालवण–चौके–धामापूर–नेरूरपार–कुडाळ असे या. धामापूरचा तलाव रस्त्यालगतच आहे, काठाला भगवतीचं देऊळ. या जुन्या तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत मान मिळाला. पुढे नेरूरपारच्या पुलावरून हीच कर्ली ओलांडाल. तीच नदी, पण देवबागला बघितलेली आणि इथली यात केवढा फरक! हाताशी तासभर असेल तर वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघा. देऊळ, बाजूला तळं आणि गर्द झाडी. माझ्या मते सगळ्या जिल्ह्यात इतकी शांत जागा दुसरी नाही. मी तिथली आहे म्हणून पक्षपात असेल, पण एकदा जाऊन बघा.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी: मालवणला स्टेशन नाही. कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवलीला उतरून एसटी किंवा रिक्षा.

---

होकायंत्र

धागा उत्तम. दोन सावधगिरीच्या सूचना, कारण मी होड्यांबरोबर काम केलंय.

पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तिथी कधी दुपारीच बदलते, कधी क्षय किंवा वृद्धी असते, तेव्हा गोंधळ होतो. शिवाय खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते. सहल ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे, जीव पणाला लावायला नाही. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळतात. आणि मुंबईच्या वेळा बघून मालवणला जाऊ नका, दोन्हीकडच्या वेळा आणि पाण्याची उंची वेगळी असते. मुंबईला भरती-ओहोटीतला फरक मालवणपेक्षा बराच जास्त.

दुसरं म्हणजे उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. सांजवाट यांनी अष्टमी धरली ते पहिल्यांदा खाडीवर जाणाऱ्यांसाठी फार योग्य. उधाणाच्या ओहोटीत संगमाच्या तोंडाशी पाणी जबरदस्त ओढतं. तिथे पोहायला उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही.

वाऱ्याचाही विचार करा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी निवांत. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. डॉल्फिन बघायला समुद्रात जायचं असेल तर सकाळीच निघा.

---

तिसरा डबा (ठाणे)

आम्ही जानेवारीत जायचं म्हणतोय, मी, दोन मैत्रिणी आणि माझे आई-बाबा. आईच्या गुडघ्यांचं दुखणं आहे. होडीत चढायला पाण्यातून चालावं लागतं का? खाडीची फेरी तिला जमेल का? ती रत्नागिरीकडची आहे आणि पंधरा वर्षांत कोकणात गेलेली नाही. तिला काहीही करून न्यायचंय.

---

सांजवाट (पुणे)

तिसरा डबा, नक्की न्या. इथेही सगळं भरतीवरच आहे. ओहोटीला होडी काठापासून लांब उभी असते आणि गुडघाभर पाण्यातून, चिखलातून जावं लागतं. पूर्ण भरतीला तीच होडी धक्क्याच्या पायरीला लागते. आमच्याबरोबर दुसऱ्या खेपेला एक आजोबा होते, त्यांना हात धरून एका पावलात आत घेतलं. म्हणून चढताना आणि उतरताना पाणी भरलेलं राहील अशी वेळ मागून घ्या: भरतीच्या तासभर आधी बसा आणि भरतीनंतर तासाभरात उतरा. होडी ठरवताना ‘किती वाजताची’ असं विचारू नका, ‘भरती किती वाजता, त्याच्या आधी नेणार का’ असं विचारा. या एका प्रश्नाने बोलण्याचा सूरच बदलतो, हा माझा अनुभव आहे.

राहायला खाडीकाठचं घर घ्या, जिथे अंगणातून धक्का दिसतो. आईंना समुद्राच्या वाळूतून चालणं जड जाईल.

---

देवबागकर

मी देवबागचोच. भायरचो माणूस तिथी बघून येता ह्या वाचून बरा वाटला. माझ्या आज्याक घड्याळ नव्हता, पण भरती कधी येतली ह्या तो अंथरुणात पडल्यापडल्या सांगायचो.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. तुम्ही दोन दिवस येता तेव्हा एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी हे सुख वाटतं, आणि ते आहेच. पण आमचा गाव या दोन पाण्यांच्या मधला चिंचोळा पट्टा आहे. पावसाळ्यात अमावास्येचं उधाण आणि वारा एकत्र आले की लाटा घरांपर्यंत येतात. किनारा दरवर्षी खचतो. धूपप्रतिबंधक बंधारे घातलेत, तरी त्या रात्री गावात कुणाला झोप नसते. तिथी आम्ही सहलीसाठी बघत नाही, घरासाठी बघतो. म्हणून विनंती: किनाऱ्यावरच्या वाळूत गाड्या घालू नका. वाळू धरून ठेवणारे वेल आणि झुडपं तिथेच असतात. ती चिरडली की वाळू सुटते.

आणि जीव सांभाळा. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात सहलीला आलेले आठ विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले. दोन्ही वेळा गावची माणसं पाण्यात धावली होती. लाइफ जॅकेट दिलं तर बांधा, दिलं नाही तर होडीत बसू नका. स्थानिक माणूस ‘नको’ म्हणाला तर त्यावर वाद घालू नका. जून ते ऑगस्ट होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, तेव्हा ‘जास्त पैसे देतो, ने’ असं म्हणून कुणाला मोहात पाडू नका. त्याच्याही घरी लेकरं असतात.

पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर लांबून फोटो काढून निघून जाऊ नका, दोरीला हात लावा. दोन्ही टोकांना माणसं असतात, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस. हात लावणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

---

रानवाट

कांदळवनाबद्दल मला लिहायलाच हवं. होडीतले बहुतेक लोक त्याला ‘मॅन्ग्रूव्ह’ म्हणून एकच झाड समजतात. नीट बघा. काठीच्या टेकूंसारखी मुळं बाहेर काढून उभं असतं ते कांदळ. ज्याच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक टोकं वर आलेली असतात ते तिवर. ती टोकं म्हणजे त्याची श्वसनमुळं, चिखलात हवा नसते म्हणून झाड ती वर काढतं. पांढरी चिप्पी तर २०२० पासून आपल्या राज्याचं कांदळवृक्ष आहे. कर्ली ज्या समुद्राला मिळते तिथून जवळच मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ मध्ये घोषित झालेलं. खाडीतल्या या मुळांच्या जाळीत माशांची पिल्लं वाढतात आणि मग समुद्रात जातात.

कांदळाच्या फांदीला हिरव्या शेंगेसारखं लांब काही लोंबताना दिसेल. ते रुजलेलं बी आहे. झाडावरच त्याला कोंब फुटतो, मग ते सुटून खाली चिखलात रोवलं जातं, नाहीतर भरतीबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतं. तोडू नका.

इथे मी सांजवाट यांच्याशी थोडा असहमत. पूर्ण भरतीला कांदळवन सुंदर दिसतं खरं, पण मुळं बघायची तर अर्ध्या ओहोटीला जावं. तेव्हा चिखल उघडा पडतो आणि खेकडे, खंड्या, बगळे, ब्राह्मणी घार सगळे कामाला लागतात. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका कांदळवन सफर घडवतात. स्वतः वल्हवतात आणि झाडं ओळखायला शिकवतात. देवबागहून एक दिवस काढून तिथे जा.

---

सांजवाट (पुणे)

रानवाट, अर्ध्या ओहोटीचं पटलं. पुढच्या खेपेला तसंच करणार.

देवबागकर, तुमचं वाचून गप्प झाले. आम्ही पहिल्या खेपेला गाडी वाळूत नेली होती. पुन्हा नेणार नाही.

---

गुहागरी

उत्तरेकडच्यांनी वाईट वाटून घेऊ नये, आमच्याकडेही हेच गणित चालतं. दाभोळच्या खाडीत, म्हणजे वाशिष्ठीच्या तोंडाशी, दाभोळ–धोपावे फेरीबोटीत गाडीसकट बसा आणि पलीकडे या. जयगडच्या खाडीतही तशीच फेरी आहे. मुंबईहून सागरी मार्गाने देवबागपर्यंत जायचं तर एक दिवस जास्त जातो, पण सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण अशा एकेक खाड्या लागत जातात. घाटावरून एकदम खाली उतरणाऱ्यांना कोकण म्हणजे किनारा वाटतो. मला विचाराल तर कोकण म्हणजे खाड्या.

---

कुडाळची लेक

जेवणाचं कुणीच लिहिलं नाही अजून!

अमावास्या-पौर्णिमेच्या खोल ओहोटीला खाडीत जास्त वाळू उघडी पडते. तेव्हा बायका तिसऱ्या (शिंपले) काढायला उतरतात, पाण्यात पायांनी चाचपडून. त्या दिवसांत तुमच्या घरच्या काकींना तिसऱ्यांचं सुकं मागा. ओलं खोबरं घालून, सोबत घावणे. कुर्ल्याही अमावास्येच्या भरलेल्या असतात असं आमच्याकडच्या सगळ्या बायका सांगतात. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं असतील. ती चावायची नाहीत, बाजूला काढायची, वासासाठीच घालतात. आणि दोन दिवस आधी सांगून ठेवा. खाडीतलं जेवण मागितल्याबरोबर मिळत नाही, आधी कुणालातरी पाण्यात उतरावं लागतं.

---

तिसरा डबा (ठाणे)

कालच परत आलो. शुद्ध सप्तमी आणि अष्टमी मिळाली. सप्तमीला हिशेबाने सव्वापाचला भरती, प्रत्यक्षात धक्क्यावरचं पाणी साडेपाचनंतर थांबलं. होकायंत्र यांनी सांगितलं होतं तसंच. आई पायरीवरून सरळ होडीत बसली. सांजवाट यांचा प्रश्न मी विचारला, तर होडीवाल्या दादांनी उलट आईलाच विचारलं, “वयनी, तिथी खयची आज?”

आई म्हणाली, “सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच.”

मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं की तिला हे येतं. तिचे वडील खाडीकाठचे, त्यांनी शिकवलं होतं. सगळी फेरी ती दादांशीच बोलत होती, कुठल्या तिथीला कुठला मासा याच गप्पा. आम्ही तिघी मागे बसून ऐकत होतो.

आता तिला अमावास्येला जायचंय, तिसऱ्यांसाठी. फेब्रुवारीतली चालेल का, की मार्चपर्यंत थांबावं?

---

देवबागकर

फेब्रुवारीतच आणा. मार्चात ऊन चढता. संध्याकाळची सुकती साडेपाचाक गावतली. वयनीक सांगा, टोपली आमची.